पिंपातली वर्षे, बाटलीतली वर्षे

लेट बॉटल्ड व्हिंटेज, अर्थात एलबीव्ही, ही पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली, एकाच वर्षाच्या द्राक्षांची लाल पोर्ट वाइन. तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका अशा स्थानिक जातींच्या द्राक्षांचा रस आंबू लागतो आणि त्यात पुरेशी साखर शिल्लक असतानाच सुमारे ७७ टक्के मद्यांशाचा द्राक्षांचा मद्यार्क घातला जातो. आंबणे तिथेच थांबते. गोडी उरते आणि मद्यांश २० टक्क्यांच्या आसपास जातो. गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त गोड वाइनशी हिचे साम्य नावापुरतेच.

व्हिंटेज पोर्टही अशीच तयार होते; दोघींच्या वाटा पुढे फुटतात. व्हिंटेज दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते आणि तिथेच कित्येक दशके पिकते. एलबीव्ही सुगीनंतरच्या चौथ्या ते सहाव्या वर्षापर्यंत मोठ्या लाकडी पिंपांत राहते. तिथे मिळणाऱ्या थोड्याशा हवेने तिचा तुरटपणा मऊ होतो आणि कच्च्या फळाचा उग्रपणा निवळतो. बाटलीत पोचेपर्यंत तिच्या आयुष्याचा काही भाग असा खर्ची पडलेला असतो. ती किती वर्षे ठेवण्याजोगी आहे हे ठरवताना हा खर्च आधी वजा करावा लागतो. लेबलावर सुगीचे आणि बाटली भरल्याचे अशी दोन्ही वर्षे असतात, ती यासाठी उपयोगी पडतात.

दुसरा प्रश्न गाळण्याचा. टेलर्स कंपनीने १९६५ सालच्या द्राक्षांची एलबीव्ही १९७० मध्ये बाजारात आणली, ती घेतल्याबरोबर उघडून प्यावी या हेतूने. अशा वाइन बहुधा गाळलेल्या असतात. त्यांत गाळ साचत नाही आणि त्यांचे टोपीवाले बूच हाताने निघते. परंतु गाळताना बाटलीत पिकण्यासाठी लागणारे काही घटकही निघून जातात, त्यामुळे त्या ठेवून फारसा लाभ होत नाही. न गाळलेल्या एलबीव्हीला लांब बूच असते, ते स्क्रूनेच काढावे लागते. ती आडवी ठेवल्यास दहा वर्षे आणि चांगल्या सालातली त्याहूनही अधिक काळ सुधारू शकते. काही उत्पादक ती बाटलीत किमान ३ वर्षे ठेवून मगच विकतात.

यानंतर पेला. न गाळलेली बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग वाइन वरच्यावर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी. ती १६ ते १८ अंश सेल्सियसला चाखणे बरे. अधिक उबदार असली की मद्यार्काचा वासच पुढे येतो. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कडेचा रंग दिसतो. जांभळी झाक तारुण्याची, विटकरी झाक उताराची. गंधात काळी फळे आणि जांभळी फुले असतील तर वाइन अजून कोवळी आहे. सुके अंजीर, चामडे, कॉफी जाणवू लागली तर ती पिकत चालली आहे.

खरी परीक्षा जिभेवर होते आणि तिथेच फसगतही होते. भरपूर साखर तुरटपणाला झाकून टाकते, म्हणून पहिल्या घोटाला मऊ वाटलेली वाइन लगेच कमकुवत ठरवू नये. घोट गिळल्यानंतर हिरड्यांवर काय उरते ते पाहावे. कोऱ्या कडक चहासारखी पकड मागे राहिली, तिच्यासोबत तोंडाला पाणी सुटले आणि फळाची चव त्या दोन्हींपेक्षा जास्त काळ टिकली, तर वाइनमध्ये पुढे जाण्याचे बळ आहे. तुरटपणा भरपूर पण फळ तोकडे असेल, तर काही वर्षांनी कोरडा तुरटपणाच उरेल. फळ आणि गोडी भरपूर पण आम्लता कमी असेल, तर वाइन जड होत जाईल. घशात वेगळा जळजळणारा मद्यार्क कोवळ्या वाइनमध्ये कालांतराने मिसळू शकतो. पिकलेल्या वाइनमध्ये तशी आशा कमीच.

एकाच घोटावर निकाल देण्यापेक्षा उघडलेली बाटली दोन-तीन दिवस चाखत राहणे अधिक विश्वासाचे. हवा लागल्यावर जी खुलत जाते तिला अजून अवकाश आहे. जी दुसऱ्याच दिवशी विस्कटते ती लवकर संपवावी. टिकणे आणि सुधारणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मद्यांश आणि साखर यांच्या आधारावर बरीचशी एलबीव्ही वर्षानुवर्षे टिकते. ठेवण्यात अर्थ असतो तो फक्त तिची आजची चव अपुरी वाटत असेल आणि ती भरून काढणारे काही पेल्यात जाणवत असेल तेव्हाच.