रंग वाच

मार्च २०२०मध्ये पुण्याच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही रत्नागिरीच्या घरी आलो, ते पंधरा दिवसांचे कपडे घेऊन. राहिलो दीड वर्ष.

घर आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं. भिंती हातभर जाड. वैशाखातही माजघरात पाऊल टाकलं की पायांना गार लागतं आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्या भिंतींचं कौतुक करतो. मीही करायचे. पण फायबरवाल्याने आपली वायर पडवीपर्यंत आणून राउटर तिथल्या खुंटीशेजारी लावला, आणि माझ्या कामाची खोली घराच्या पार मागे. मध्ये तीन भिंती आणि देवघर. मोबाइलवर वायफायची एक काडी दिसायची, तीही दार उघडं ठेवलं तर. माझं काम यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करण्याचं. रोज दोनदा कंपनीशी बोलणं असायचं आणि रोज दोनदा माझा चेहरा अर्ध्या वाक्यात गोठायचा. मुलाची शाळा त्याच काडीवर. शेवटी ठरवलं की पडवीतून मागल्या खोलीपर्यंत सरळ तार ओढायची.

लॅपटॉप नवा, चपटा. त्याला लॅनचं भोकच नव्हतं. म्हणून यूएसबीला लावायचा इथरनेट अडॅप्टर मागवला. काडेपेटीएवढी वस्तू, पण त्या दिवसांत कुरियरने यायला तीन आठवडे लागले. शहरातल्या एका दुकानाचं शटर अर्धं वर होतं; तिथून तीस मीटर कॅट-सिक्स केबल, डझनभर कनेक्टर, क्रिंपिंग टूल आणि नऊ दिव्यांचा टेस्टर आणला.

केबल घेण्याआधी काकांना फोन केला, आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

काका पलीकडच्या वाडीतले. टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते; २००४मध्ये निवृत्त झाले. जॉइंटर म्हणजे जमिनीखालच्या केबलची तुटलेली किंवा नवी टोकं एकमेकांना जोडणारा माणूस. एका केबलमध्ये शंभर, दोनशे, चारशे जोड्या असत, आणि प्रत्येक जोडी म्हणजे कुणाचं तरी घर. आमच्या घरी १९९१मध्ये फोन आला तेव्हा खांबावरून पडवीत वायर काकांनीच उतरवली होती. बाबांनी पेढे दिले. काकांनी एक खाल्ला, बाकीचे खिशात ठेवले आणि आईला वायरीची एक परडी दिली. उरलेल्या टेलिफोनच्या तारांच्या परड्या, पिशव्या, तोरणं त्या काळी पुष्कळ घरांत दिसत. आमची परडी अजून सुपारीसाठी वापरात आहे.

"केबल घेताना टोक सोल आणि चाकूने तार खरवड," ते फोनवर म्हणाले. "आत लाल दिसली तर घे. पांढरी दिसली तर अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती परत दे." दुकानदाराने काढलेलं पहिलं वेटोळं पांढरं निघालं. त्याने काही न बोलता आतून दुसरं आणलं.

पुढचं सगळं मी एकटीने करायचं ठरवलं. आम्ही पुण्याहून आलेलो, काका शहात्तर वर्षांचे. त्यांना घरात बोलावण्याची माझी छाती नव्हती. केबलची दोन्ही टोकं सोलली. आतून चार पिळलेल्या जोड्या निघाल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीबरोबर त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. मला वाटलं, यात काय अवघड आहे? जोडीशेजारी जोडी लावली. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. मुलाने टाळ्या वाजवल्या.

अडॅप्टरवरचा हिरवा दिवा लागला, मग विझला. पुन्हा लागला. वेग कधी शंभर दाखवी, कधी दहा, कधी काहीच नाही. राउटरला पिंग केलं तर दहातली चार उत्तरं वाटेतच गळत. अडॅप्टर बिघडलेला, असा मी निकाल दिला. ड्रायव्हर काढला, घातला. लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला. दोन दिवस यात गेले. तीन आठवडे वाट पाहून आलेली वस्तू परत पाठवायचं पाकीटसुद्धा मी तयार केलं होतं.

संध्याकाळी काकांना फोन केला. ते म्हणाले, "लँडलाइनवरून कर गो. मोबाइलवर मला धड ऐकू येत नाही."

लँडलाइनवरून केला.

"टेस्टरचे दिवे लागतात ना?"

"आठही. ओळीने."

"म्हणजे तार तुटलेली नाही, एवढंच कळलं. आता कनेक्टर हातात धर, सोनेरी पट्ट्या तुझ्याकडे. डावीकडून रंग वाच."

मी वाचायला लागले. चौथ्या रंगाला ते म्हणाले, "थांब. हिरवी जोडी शेजारीशेजारी बसवलीस?"

"सगळ्या जोड्या शेजारीशेजारीच बसवल्या."

"तिथेच घोळ झाला. स्प्लिट पेअर."

मग अर्धा तास त्यांनी मला जे सांगितलं, ते मी नंतर कामानिमित्त इंग्रजी पुस्तिकांतूनही वाचलं. पण कळलं ते त्या संध्याकाळी. तार जोडीनेच का जाते? एका तारेतून संकेत जातो, त्याचाच उलटा दुसरीतून. वाटेत शेजारच्या विजेच्या वायरीचा, मोटरचा, पंख्याचा त्रास लागतो तो दोघींना सारखा लागतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा घेतं, आणि सारखा लागलेला त्रास वजा होऊन जातो. मात्र तो सारखा लागायचा तर दोघींनी एकमेकींना पीळ घालून चालायला हवं. पिळाची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, १८८१च्या पेटंटातली. केबलमधल्या चार जोड्यांचे पीळसुद्धा एकसारखे नसतात. कुठली घट्ट, कुठली सैल, म्हणजे शेजारणींचं बोलणं एकमेकींच्या कानावर जात नाही. पूर्वी फोनवर बोलताना मध्येच तिसऱ्याच घरचं लग्न ठरताना ऐकू यायचं, तो पुष्कळदा याच चुकीचा प्रताप. कुणीतरी एका जोडीची एक तार दुसऱ्या जोडीच्या तारेशी जुळवलेली असायची.

इथरनेटच्या कनेक्टरमध्ये पहिलं आणि दुसरं घर एका जोडीचं, तिसरं आणि सहावं दुसऱ्या जोडीचं. मी तिसऱ्यात हिरव्या जोडीतली तार घातली होती आणि सहाव्यात निळ्या जोडीतली. टेस्टर फक्त टोकाला टोक मिळालं का, हे पाहतो. पीळ कुणाशी आहे, हे त्या दिव्यांना काय कळणार?

"पण मग हिरवीला मधून फाडून निळीच्या दोन्ही बाजूंना का बसवायचं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"कारण मधली दोन घरं आमची," काका म्हणाले. "फोनची. पहिला फोन नेहमी मधल्या दोन तारांवर, आणि पहिली जोडी नेहमी निळी. तुमचा कॉम्प्युटर मागून आला. तो आमच्या आजूबाजूने बसला."

हे अक्षरशः खरं आहे. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात १९७३मध्ये बॉब मेटकाफने इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा तिच्यात एकच जाड कोअॅक्स केबल होती आणि सगळी यंत्रं तिलाच चिकटायची. नाव घेतलं ते 'ईथर'वरून. प्रकाश ज्यातून जातो असं जुने पदार्थवैज्ञानिक मानत, पण जे कुणाला कधी सापडलं नाही, ते ईथर. (एका पुस्तिकेत हा शब्द आला तेव्हा मी 'आकाशतत्त्व' लिहून पाहिलं होतं. कंपनीने तो पर्याय का नाकारला, हे मला समजतं.) ही जाड केबल ओढणं जिकिरीचं. ऑफिसांच्या भिंतींतून मात्र टेलिफोनच्या पिळलेल्या जोड्या आधीच फिरवलेल्या होत्या. १९९०मध्ये मानक ठरलं ते त्याच धर्तीच्या तारांवर इथरनेट चालवण्याचं. केबलमधले निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी हे रंगही टेलिफोनच्या केबलमधल्या पहिल्या चार जोड्यांचेच. पाचवा स्लेट. काका हे पाढ्यासारखं म्हणून दाखवत: ब्ल्यू, ऑरेंज, ग्रीन, ब्राउन, स्लेट, व्हाइट, रेड, ब्लॅक, यलो, व्हायोलेट. पाचाला पाचाने गुणलं की पंचवीस जोड्या. चिखलाच्या खड्ड्यात, बॅटरीच्या उजेडात, केबलमध्ये भरलेल्या जेलीने माखलेल्या हातांनी त्यांनी पस्तीस वर्षं हाच पाढा म्हटला. ती जेली काढायला रॉकेल लागे, म्हणून त्यांच्या शर्टांना कायम रॉकेलचा वास यायचा. नोकरीच्या शेवटी एक्स्चेंजमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांची लॅनही काकांनीच ओढली. वायर म्हटली की जॉइंटरला हाक.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. तोंडाला रुमाल, हातात जुनी पकड. पडवीच्या पायरीवर बसले, आत आले नाहीत. मी अंतर राखून उभी. कनेक्टर कापून टाकले, टोक नव्याने सोललं. "पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही," म्हणत त्यांनी आठ तारा बोटांनी सरळ केल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हात किंचित कापत होते, पण एका तारेवर दुसरी चढली नाही. टोकं एका रेषेत कापली, कनेक्टरमध्ये सरकवली आणि क्रिंपिंग टूल दाबलं. मागल्या खोलीतलं टोक मी केलं. ते खिडकीबाहेरून बघत होते.

केबल घराच्या आतून न्यायची तर तीन चिरे भोसकावे लागले असते. काकांनी ती वळचणीखालून बाहेरून फिरवायला लावली. उन्हात प्लास्टिक कडक होऊन तडकतं, उंदीर कुरतडतात, म्हणून बागेतल्या ठिबकचा उरलेला काळा पाइप घेतला आणि केबल त्यात ओवली. खिडकीच्या चौकटीत भोक पाडताना ड्रिल बाहेरच्या बाजूला उतरतं धरायला लावलं. पाणी आत यायला नको. आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला, की पागोळ्यांचं पाणी तिच्यावरून ओघळून झोळाच्या तळाशी ठिबकावं, भोकात जाऊ नये. विजेच्या वायरीपासून वीतभर लांब. "आणि आभाळ गडगडलं की दोन्ही टोकं काढ. तांबं आहे ते. त्याला तुझी मीटिंग कळत नाही."

एकूण बावीस मीटर भरली. इथरनेटची मर्यादा शंभर मीटरची, म्हणजे आणखी तीन घरं झाली असती. अडॅप्टर लावला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. वेग १०००. पाठवण्यासाठी केलेलं पाकीट मी चुलीत घातलं.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी पंचवीस वर्षं सांगायची राहिली होती. १९९५च्या जुलैमध्ये आमचा फोन मेला होता. पुण्याहून मला नोकरीबद्दल कळवणार होते, पत्ता दिला होता तो या फोनचाच. टेलिफोनच्या पिलरपाशी पाणी भरलेलं, आणि काका ताडपत्रीखाली रात्रभर जोड लावत बसले होते. सकाळी फोन वाजला. त्या नोकरीत मी भाषांतर शिकले. आजवरची भाकरी त्यातूनच. हे सांगताना माझा आवाज जरा हलला असावा.

काकांनी आठवून पाहिलं. त्यांना काही आठवलं नाही.

"त्या रात्री तुझी एकटीची नव्हती गो," ते म्हणाले. "पन्नास जोड्या होत्या. तुझी कुठली, ते कोण बघतो? रंगाला रंग लावत जायचं."

मी पाकिटात पैसे घालून दिले. त्यांनी ते पायरीवर ठेवले आणि उरलेली आठ मीटर केबल मागितली. मला वाटलं, मांडवाला कारल्याचे वेल बांधायला नेत असतील. गणपतीत माझ्या मुलाच्या हाती त्यांनी एक परडी पाठवली. आईच्या परडीत स्लेट आहे, व्हायोलेट आहे, लाल आहे. या परडीत चारच रंग, आणि प्रत्येकाबरोबर पांढरा.

आता काका मुलीकडे पनवेलला असतात. तिकडे लँडलाइन नाही. मोबाइलवर बोलणं दोन मिनिटांपलीकडे जात नाही, कारण त्यांना ऐकू येत नाही आणि ते तसं कबूल करत नाहीत. आम्ही मे महिन्यात आणि गणपतीला रत्नागिरीला जातो. केबल ठिबकच्या पाइपात तशीच आहे, अडॅप्टरही तोच. मागल्या खोलीतला कनेक्टर माझ्या हातचा. तो आत्तापर्यंत दोनदा बदलला. पडवीतला काकांचा. तो पहिलाच आहे.