टेबलाचे नऊ इंच

पोरीच्या खोलीसाठी फर्निचर बघायला गेलो होतो. हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतंय. कारण पोरीला खोली नाही. आम्हाला सगळ्यांना मिळून एक खोली आहे. 10 बाय 10. तीत आई, मी, बायको आणि पोरगी. एक कपाट, गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खिडकीखाली माझं टेबल. पत्र्याची पेटी आणि मोरीची भिंत यांच्यामध्ये जो तुकडा उरतो, त्याला पोरगी 'माझी रूम' म्हणते. मी टेप लावून मोजला. साडेतीन फूट बाय चार.

पोरगी पहिलीत आहे. अक्षर चांगलं आहे, पण ओळ खाली घसरत जाते. बाईंनी बायकोला विचारलं, घरी पोरगी कुठं बसून लिहिते? बायको म्हणाली, पालथी पडून. ती घरी येऊन मला म्हणाली, "अवो, पगार झालाय तर पोरीला टेबल-खुर्ची तरी बघा की. नुसतं लिहीत काय बसायलाव?"

म्हणून रात्रपाळी संपवून, अंगावरचं सुताचं फुसकं झटकून एका दुकानात गेलो. मित्रांनो, आत लहान पोरांची एक वेगळीच दुनिया मांडली होती. मोटारीच्या आकाराचा पलंग. गुलाबी कपाट, त्यावर राजकन्या. एकावर एक दोन पलंग आणि मधे शिडी. एवढं मात्र शिकलो की सहा वर्षांच्या आतल्या पोराला वरच्या पलंगावर निजवू नये, आणि उंच कपाट भिंतीला पक्कं ठोकावं, नाहीतर पोरगं खणावर पाय देऊन चढतं आणि कपाट अंगावर येतं.

दुकानदारानं विचारलं, "खोली केवढी?"

"10 बाय 10."

"मुलीची?"

"सगळ्यांची."

मग त्यानं विचारलं, "राहता कुठं?" मी म्हणालो, बुधवार पेठ. "बुधवार पेठेत कुठं?" मी म्हणालो, मिलिंद नगर. पुढं त्यानं काही विचारलं नाही. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. फक्त ज्या पलंगावर मी हात ठेवला होता, तो फडक्यानं पुसायला लागला. किंमत सांगितली ती माझ्या दीड महिन्याच्या पगाराची. मी बाहेर आलो.

सायकल हातात धरून चालत घरी आलो. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गोणपाट.

आपल्या प्रत्येक पोराला ती गोष्ट माहीत आहे. भीमराव शाळेत वेगळा बसायचा. खाली गोणपाट. ते घरून न्यायचं आणि संध्याकाळी परत घरी आणायचं, कारण शाळा झाडणारा गडीही त्याला हात लावत नव्हता. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. आपण ही गोष्ट दर जयंतीला भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. पण त्या दिवशी मला त्यातलं गोणपाट पहिल्यांदा वस्तू म्हणून दिसलं. तेच त्या पोराचं फर्निचर होतं. त्याची खुर्ची, त्याचा बाक, सगळं तेच. आणि ते त्यानं निवडलेलं नव्हतं. कोण कुठं बसणार हे आधी ठरायचं, मग बसायची वस्तू ठरायची. गिरणीतसुद्धा हेच होतं. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं रिंग खात्यात चालायची, कापड विणायच्या खात्यात चालायची नाहीत, कारण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. वर्गातली जागा, यंत्रापुढची जागा, घरातली जागा. भांडण जागेचंच आहे.

आणि हे आपल्या सोलापुरात फार आधी ओळखलं गेलं होतं. बहिष्कृत हितकारिणी सभा मुंबईत 20 जुलै 1924 ला स्थापन झाली. सहा महिन्यांच्या आत, 4 जानेवारी 1925 ला, सभेनं सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं, सगळा खर्च सभेनं उचलला. नगरपालिकेनंही मदत दिली. त्या पोरांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. म्हणजे चवदार तळ्याच्या दोन वर्षं आधी, सोलापुरात, सभेनं आपल्या पोरांना काय दिलं? रात्री बसून वाचायची जागा. आणि जागा मिळाल्याबरोबर पोरं लिहायला लागली. आज आपण या पानांवर जे खरडतो, त्याचं मूळ त्या वसतिगृहात शोधायला हरकत नाही.

एवढा सगळा विचार घेऊन मी घरी आलो. फार भारी वाटत होतं. टेबलापाशी बसलो आणि कविता लिहायला घेतली. विषय, पोरीची पाटी.

पोरगी खाली पेटीजवळ पालथी पडून लिहीत होती. थोड्या वेळानं उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "पप्पा, तुमचं झाल्यावर मी बसू का?"

मित्रांनो, माझा पेन तिथंच थांबला. घरात टेबल नव्हतं असं नाही. टेबल होतं. त्यावर मी बसलो होतो. मी क्रांतीची कविता लिहितो म्हणून घरातली एकमेव खिडकी, एकमेव टेबल आणि रात्रीचा एकमेव दिवा माझा. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. आधीच ठरलेलं होतं. दुकानदारानं पलंग पुसला तेव्हा माझं रक्त तापलं. आणि माझ्या घरात माझी पोरगी माझ्या पायाशी जमिनीवर लिहीत होती, ते मला दिसलं नव्हतं.

मी तिला खुर्चीवर बसवलं. टेबलाची कड तिच्या हनुवटीला लागली. पाय लोंबकळत राहिले. लिहायला गेली तर खांदे कानाला चिकटले. "नको, खालीच बरंय," म्हणाली आणि उतरली.

हे टेबल आज्याचं. आजा गिरणीत रिंग खात्यात होता. गिरणी बंद पडली, देणी अडकली, आतलं सामान भंगारात निघालं, तेव्हा त्यानं ते भंगारवाल्याकडून उचललं. सागवानी, जाड पायाचं. आई सांगते, आज्याला लिहायला येत नव्हतं. हजेरीच्या टेबलापुढं तो जन्मभर उभा राहिला, त्यातलंच हे एक टेबल, असं तो म्हणायचा. खरं-खोटं कोण बघणार? मी आठवीत शाळा सोडली. पुढचं सगळं वाचन, पुस्तकं मागून आणून, या टेबलावर झालं. त्यामुळं मी जेव्हा म्हणालो की याचे पाय कापतो, तेव्हा आई कडाडली.

"डोस्कं फिरलंय काय तुजं? आज्याची आटवन हाय ती. त्येनं जल्मभर हुबं ऱ्हाऊन तुला बसाय दिलं, आन तू कापाय निघालास?"

आईला उत्तर नव्हतं माझ्याकडं. मला रामजीबाबा आठवले. परळच्या चाळीत एकच खोली, त्यातच चूल, त्यातच संसार. भीमरावाला ते लवकर झोपवायचे आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे. मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. जागा एकच होती. बापानं ती पोराबरोबर वाटून घेतली, आणि आपल्या झोपेतून वाटून घेतली. मी आईला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. पण सुतार आला तेव्हा चहा तिनंच टाकला.

मोजमाप सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाला तरी लागेल. पोराला बसवायचं, तेव्हा तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा काटकोनात आला पाहिजे. कोपर वाकवलं की टेबलाची फळी कोपराच्या उंचीला यावी. माझी पोरगी पावणेचार फुटांची. तिला बैठक 12 इंचांची लागते आणि टेबल 21 इंचांचं. मोठ्या माणसाचं टेबल 30 इंचांचं असतं. म्हणजे नऊ इंच कापायचे. पोरगं उजव्या हातानं लिहीत असेल तर दिवा डाव्या बाजूला ठेवा, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते. आणि पायाचे कापलेले तुकडे फेकू नका. पोरगी वाढेल तसे ते परत खालून जोडता येतात. आमच्या सुतारानं चारही तुकड्यांवर खुणा करून ठेवल्यात.

ही अक्कल काही श्रीमंतांच्या दुकानात जन्मली नाही. 6 जानेवारी 1907 ला रोम शहरात, सॅन लोरेंझो नावाच्या गरीब कामगार वस्तीत, मारिया माँटेसरी या बाईंनी बालघर उघडलं. पोरांच्या मापाची टेबलं आणि खुर्च्या त्यांनी करून घेतल्या, इतक्या हलक्या की पोरानं स्वतः उचलून हव्या तिथं न्याव्यात. तोपर्यंत शाळेत जड बाक असायचे, पोरगं हलू नये म्हणून. आपल्याकडं ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला तेच काम खेड्यातल्या पोरांसाठी, हाताशी असलेल्या स्वस्त वस्तूंतून सुरू केलं. म्हणजे पोराच्या मापाचं टेबल निघालं कामगार वस्तीतून, आणि आता दीड महिन्याच्या पगाराला दुकानात बसलंय.

करवत लागली तेव्हा लाकडाचा वास सुटला. नव्यासारखा. पोरगी कान झाकून बघत होती. खुर्ची कापली नाही. तेलाच्या डब्यांचं एक खोकं होतं, त्यावर गोधडीची घडी घातली. बरोबर 12 इंच झाले. ती बसली, पाय टेकले, आणि पहिल्यांदा मान वर करून खिडकीबाहेर बघितलं. लिहिलं काहीच नाही त्या दिवशी.

मी आता खाली बसून, मांडीवर पाट घेऊन लिहितो. पाठ दुखते. हा लेख तसाच लिहिलाय.

पण गोष्ट इथं संपवली तर मी लबाड ठरेन. रात्री बायको दाराशी बसली होती, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. आपल्या सोलापुरात हजारो बाया अशाच बसून विड्या वळतात. मी म्हणालो, तंबाखूचं सूप पोरीच्या टेबलापासून लांब ठेव, धूळ नाकात जाते. ती म्हणाली, "ठेवते की. पोरीची जागा झाली. तुमची आदीपासून हुतीच. माझी कुटली वो?" आणि परत पान कातरायला लागली. त्याला अजून माझ्याकडं उत्तर नाही. चार भिंतीत ते मिळेल असं वाटतही नाही.

म्हणून तुमच्यापुढं मांडतो. आपण दर एप्रिलला घरोघर वर्गणी मागतो. देतात बिचारी, विड्या वळून देतात. त्यातलं किती कर्ण्यांच्या भिंतीला जातं आणि किती पोरांच्या बसायच्या जागेला, याचा हिशेब एकदा मांडू. विहाराची खोली संध्याकाळी सात ते नऊ रिकामीच असते. तिथं 21 इंचांची दहा टेबलं मावतात, मी मोजून आलोय. वस्तीत तुटकी-मोठी टेबलं किती पडून आहेत बघा. सुतार एक रविवार फुकट द्यायला तयार आहे. खिळे-फळ्यांचं मी बघतो. पोरं तिथं बसली की घरातला दिवा दोन तास बायांना मोकळा मिळेल.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता विहारापाशी या. येताना टेप आणा, आणि आपापल्या पोरांची उंची मोजून आणा.