सुईखालचे बोट

शिलाई मशीनची सुई बोटात शिरते ती बहुधा तर्जनीच्या शेवटच्या पेरात, कित्येकदा थेट नखातून. हातसुई बोचली तर रक्ताचा एक थेंब येतो, बोट क्षणभर तोंडात जाते आणि काम पुढे चालू राहते. तिच्यासाठी अंगुस्तान असते. मशीनवर मात्र अंगुस्तान कामाचे नाही. कापडाचा पोत, दुमडीची जाडी, खालचा पदर किंचित घसरला हे सारे उघड्या बोटालाच कळते. टीप सरळ यायची तर बोट सुईच्या जवळ ठेवावे लागते, आणि कॉलर किंवा बाहीची गोलाई बसवताना तर फारच जवळ. अशी इजा झाली की ‘लक्ष कुठे होतं?’ असे सहज विचारले जाते. हा प्रश्न अन्यायाचा आहे, कारण अनेकदा लक्ष टिपेवरच असते.

एलियस हाउ याने 1846 साली अमेरिकेत ज्या मशीनचे पेटंट घेतले, तिच्या सुईचे नेढे टोकाशी होते. टोकाशी नेढे असल्यामुळेच सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते, वर येताना दोऱ्याचा फास सोडते आणि शटल त्या फासातून खालचा दोरा ओवते. बोट मध्ये आले की हीच रचना घात करते. सुई दोऱ्यासकट मांसात उतरते. आणि नेढ्यापाशी ती कमजोर असल्याने हात झटकन मागे ओढला की टोक मोडून आतच राहते. 16 नंबरची सुई जेमतेम 1 मिलिमीटर जाड असते, पण नखाखालच्या हाडापर्यंत पोचायला तेवढी पुरते.

भोपाळमध्ये शिलाई मशीनला वेगळा इतिहास आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्यांतली घरे उद्ध्वस्त झाली. अनेक घरांतला कमावता माणूस गेला किंवा छाती निकामी होऊन बसला. तेव्हा गॅसपीडित बायकांसाठी सरकारी शिलाई केंद्रे उघडली. ती बंद पडू लागली तशा या बायका रस्त्यावर आल्या. कार्यकर्ते अब्दुल जब्बार यांच्या ‘भोपाल गैस पीड़ित महिला उद्योग संगठन’ची मुळे याच लढ्यात आहेत. या बायकांची मागणी खैरातीची नव्हती, कामाची होती. तोवर घराबाहेर कमवायला न पडलेल्या कितीतरी जणी या निमित्ताने मशीनवर बसल्या.

मिथाइल आयसोसायनेटने फुप्फुसांइतकाच डोळ्यांवर घाला घातला होता. बुबुळे भाजली, पुढेही अनेकांना पाणी येणे, धूसर दिसणे हे त्रास राहिले. शिलाईत डोळा आणि बोट एकमेकांच्या भरवशावर चालतात. डोळा अंधुक झाला की बोट जास्त पुढे सरकते, मान खाली वाकते, आणि सुईपासूनचे अंतर नजरेने नव्हे तर सवयीने ठरू लागते. त्या शहरात शिवणाचे शिक्षण देताना आधी डोळे तपासणे हा उपकार नव्हे, ती शिक्षणाचीच पहिली पायरी मानायला हवी होती.

अंतर चुकले की पुढचे मशीनच्या वेगावर ठरते. पायमशीनवर पाय थांबला तरी चाक गतीने आणखी एकदोन टाके घालते. मोटरच्या मशीनवर दचकलेला पाय पॅडल उलट जास्तच दाबतो. कारखान्यातली मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालते. तिथे हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. दाबपट्टीपुढे बसणारी, बोट अडवणारी तारेची आड स्वस्त असते, पण दोरा ओवताना अडते म्हणून ती काढून ठेवली जाते. निर्यातीच्या कारखान्यांत सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. हा नियम कपड्यात टोक राहून गिऱ्हाइकाला लागू नये म्हणून आहे. शिवणाऱ्या बोटाची नोंद तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.

सुई बोटात अडकली तर आधी पाय काढावा, मोटर असल्यास वीज बंद करावी. बोट ओढू नये. चाक हाताने हळू फिरवून सुई वर घ्यावी; तरीही ती हलली नाही तर सुईचा स्क्रू सैल करून ती मशीनपासून सोडवावी आणि तशीच दवाखान्यात जावे. सुई निघाली तर जखम साबण-पाण्याने धुवावी. मोडलेले तुकडे जुळवून पाहावेत. एखादा सापडला नाही तर एक्स-रे हवाच. सुईला तेल, धूळ लागलेली असते, म्हणून धनुर्वाताच्या शेवटच्या लशीला पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी. मधुमेह असणाऱ्यांनी भोक बारीक दिसते म्हणून थांबू नये. बोट ठणकत सुजले, वाकलेले राहिले आणि सरळ करताना कळ आली, तर पू आत पसरत असल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

नखाखाली साकळलेले काळे रक्त नखाबरोबर पुढे सरकते, महिन्याला साधारण 3 मिलिमीटर. पूर्ण नख बदलायला सुमारे सहा महिने लागतात. तोवर त्या बोटाला दोन पदरांतला फरक नीट कळत नाही, मधले बोट ते काम शिकते. घाव नखाच्या मुळाशी बसला असेल, तर नवे नख उभी रेघ घेऊनही उगवू शकते.