पॉलिसीचा कागद वाचलात का?

मैत्रिणींनो, आपल्या देवणीची गाय अंगाने भरली की कौतुक; बाई भरली की "खाते तरी किती!" माझ्या जाऊबाईंनी हे वर्षानुवर्षं ऐकलं. उंची पाच फूट, वजन ९५ किलो, साखर काही आटोक्यात येईना. डॉक्टरांनी जठराची शस्त्रक्रिया सुचवली, तर विमा कंपनी म्हणते, ही हौस!

हौस कसली हो? विमा नियामक प्राधिकरणाचे २०१९ चे नियम बघा. वय १८ च्या पुढे, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४० किंवा जास्त असेल, तर लठ्ठपणाचं कलम दाखवून खर्च नाकारता येत नाही. झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, हृदयविकार किंवा न आवरणारा मधुमेह असून बाकीचे उपाय थकले असतील, तर ३५ पुरे. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरने दोनदा भागा, झाला बीएमआय. जाऊबाईंचा चाळिसाच्या वरच आला!

पॉलिसीतली प्रतीक्षेची मुदत आधी तपासा. नकार लेखीच मागा. कंपनीकडे तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

साडी घेताना पदर उलटून बघतो ना आपण? मग पॉलिसीचाही बघू या.