कल्याणची खाडी आणि वाऱ्याचा पट्टा

कल्याण हें नांव काढतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें रेल्वेचें जंक्शन उभें राहतें. पुण्याची आणि नाशिकची अशा दोन वाटा येथें फुटतात. गाडी क्षणभर विसावते आणि प्रवासी पुढें निघून जातो. १ मे १८५४ रोजीं ठाण्याहून लोहमार्ग येथवर येऊन पोंचला, आणि तेव्हांपासून गांवाची ओळख रुळांनींच ठरविली. परंतु जुनें कल्याण ज्यास पाहावयाचें असेल त्यानें स्टेशनाकडे पाठ फिरवून गांव ओलांडावें व दुर्गाडीच्या टेकाडावर चढावें. देवीचें दर्शन घेऊन तटापाशीं उभें राहिलें म्हणजे खालीं उल्हास नदीची खाडी दिसते. भरतीस पाणी कांठोकांठ चढतें, ओहोटीस चिखलाच्या ओट्या उघड्या पडतात. पलीकडे भिवंडीची वाट, अलीकडे रेतीबंदर. ज्या पाण्याच्या आधारानें हें नगर वसलें तें पाणी हेंच.

या बंदराची कीर्ति फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. सहाव्या शतकांत कॉसमस यानें येथून पितळ, शिसवी लांकूड व कापड परदेशीं जात असल्याचें लिहून ठेविलें. १६५७ सालीं शिवछत्रपतींनीं कल्याण-भिवंडी हस्तगत केली आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ याच खाडीच्या आश्रयानें झाला. ही सगळी ये-जा शिडांच्या गलबतांची, म्हणजे वाऱ्याच्या भरंवशाची होती. नैर्ऋत्येचा मोसमी वारा जहाजांस पश्चिमेकडून इकडे आणी आणि ईशान्येचा वारा त्यांस परत नेई.

‘पेरिप्लस’मध्यें एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. पूर्वीं कल्याण हें राजमान्य बंदर होतें. पुढें सत्ता पालटली आणि व्यापारास अडथळा झाला. एखादें ग्रीक जहाज चुकून येथें लागलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचेस नेण्यांत येई. वारा कोणाच्याच मालकीचा नव्हता. पण वाऱ्यानें आलेलें जहाज कोठें लागावें हें राजसत्ता ठरवीत असे. आपल्याकडेहि कौटिल्यानें नावध्यक्ष नांवाचा अधिकारी सांगितला असून मासे धरणाऱ्यांनीं सहावा भाग द्यावा असें म्हटलें आहे. पाण्यावर राजाचा हक्क ही कल्पना मुळींच नवी नाहीं. नवें आहे तें इतकेंच कीं, आतां समुद्रावरील वारा धरण्याची जागाच सरकार पट्ट्यानें देऊं लागलें आहे. समुद्रांत पवनचक्क्या उभारून वीज करावयाची आणि त्यासाठीं तळाचा तुकडा ठराविक मुदतीनें कंपनीच्या स्वाधीन करावयाचा, अशी ही योजना आहे. ती योग्य कीं अयोग्य हें ठरविण्यापूर्वीं, सरकारनें पाण्याचा तळ पट्ट्यानें दिला म्हणजे काय होतें तें पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं दुर्गाडीवरून दूर जाण्याची गरज नाहीं. टेकाड उतरून रेतीबंदरावर गेलें म्हणजे झालें.

खाडीचा तळ सरकारचा. त्याचे गट पाडावयाचे, लिलाव करावयाचा, स्वामित्वधन भरून घ्यावयाचें आणि अमुक इतके ब्रास रेती काढण्याचा परवाना द्यावयाचा, ही येथली रीत. पूर्वीं काम हातपाटीनें चाले. होडी नांगरून माणसानें बुडी मारावयाची आणि तळाची रेती पाटींत भरून वर आणावयाची. माणसाच्या दमाला सीमा असते, म्हणून खाडीच्या हानीलाहि सीमा होती. पुढें ओढपंप आले. पंपाला दम लागत नाहीं. मुंबई-ठाण्याच्या इमारती जसजशा वर चढल्या तसतसा खाडीचा तळ खालीं गेला. कांठ खचूं लागले, तिवरांचीं मुळें उघडीं पडूं लागलीं. मुंब्र्याच्या बाजूस लोहमार्ग कांहीं अंतर खाडीच्या अगदीं कडेनें धांवतो हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस कांठ खचण्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मग त्या वेळीं परीक्षण झालें नाहीं काय? याचें उत्तर बोधप्रद आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें खाणकामास पर्यावरणाची पूर्वसंमति आवश्यक झाली होती. पण पांच हेक्टरांहून लहान पट्टे त्यांतून सुटत. तेव्हां मोठ्या क्षेत्राचे लहान लहान तुकडे पाडावयाचे, आणि प्रत्येक तुकडा निरुपद्रवी म्हणून मोकळा करावयाचा, असा मार्ग देशभर रूढ झाला. २०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील रेती-उपशास मनाई केली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ‘दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या प्रकरणांत सांगितलें कीं, पांच हेक्टरांच्या आंतील पट्ट्यासहि पूर्वसंमति हवी. निर्णय उत्तम होता. पण तो येईपर्यंत गेलेली रेती गेलीच. आजहि महसूल खात्याचे लोक खाडींतील चोरटे पंप पकडून मोडून टाकीत असल्याचें वृत्तपत्रांत वरचेवर येतें. पट्टा आधीं आणि पाहणी मागाहून असा क्रम लागला कीं पाहणीच्या वांट्यास केवळ पंचनामा उरतो, हा कल्याणच्या खाडीचा धडा आहे.

हा धडा घेऊन पाण्याबरोबर खालीं जावें. ठाण्याच्या ईशान्येस उल्हासाचे दोन फांटे होतात. लहान फांटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीस मिळतो. तेथें थंडीच्या दिवसांत रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. २०१५ सालीं त्या खाडीस अभयारण्याचा आणि २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर क्षेत्राचा, मान मिळाला. मोठा फांटा घोडबंदरावरून वसईस जाऊन समुद्रास मिळतो. वसईपासून उत्तरेकडे डहाणूपर्यंतचा किनारा हा कोळ्यांचा आणि मांगेल्यांचा. येथले लोक समुद्रांत खुंट रोवून त्यांस डोल जाळीं बांधतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीनें मासळी आपण होऊन जाळ्यांत येते. या खुंटांच्या जागेस ‘कव’ म्हणतात. कव कोणाची आणि कोठवर, हें परंपरेनें ठरलेलें असतें आणि त्यावरून गांवा-गांवांत तंटेहि होतात. वरून पाहणाऱ्यास जो समुद्र सपाट आणि रिकामा दिसतो, तो वस्तुतः शेतासारखा वांटलेला आहे. त्याचा सात-बारा मात्र कोणत्याहि तलाठ्याच्या दप्तरांत नाहीं. म्हणूनच कागदावर पट्टा आंखणाऱ्यास ही वहिवाट दिसत नाहीं.

याच किनाऱ्यावर डहाणूजवळ वाढवण आहे. तेथील बंदराचा प्रस्ताव १९९८ सालीं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानें अमान्य केला होता. पुढें त्याच प्राधिकरणानें ३१ जुलै २०२३ रोजीं नव्या प्रस्तावास अनुमति दिली. जानेवारी २०२४ मध्यें जनसुनावणी झाली, फेब्रुवारींत पर्यावरणाची मंजुरी मिळाली आणि १९ जून २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ७६,२०० कोटींच्या या बंदरावर शिक्कामोर्तब केलें. मच्छिमारांचा विरोध सर्वविदित आहे. निर्णय कोणास रुचो वा न रुचो, येथें एक सुनावणी झाली आणि लोकांचें म्हणणें नोंदलें गेलें, एवढें तरी घडलें.

त्याच दिवशीं, म्हणजे १९ जून २०२४ रोजीं, त्याच मंत्रिमंडळानें समुद्रांतील पवनविजेसाठीं ७,४५३ कोटींच्या साह्याची योजना मंजूर केली. गुजरात आणि तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांपुढें प्रत्येकीं ५०० मेगावॅट, अशी तिची वांटणी आहे. महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या निवडींत नाहीं. पण खंबायतचें आखात डहाणूहून फार दूर नाहीं, आणि मासळीस प्रांतांच्या सीमा ठाऊक नसतात. या उद्योगाचें धोरण २०१५ सालीं ठरलें. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याच्या आधारें डिसेंबर २०२३ मध्यें पट्ट्यांचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें आधीं तीन वर्षांचा पाहणीचा पट्टा, गरज पडल्यास दोन वर्षांची वाढ, आणि नंतर उभारणीसाठीं व चालविण्यासाठीं पस्तीस वर्षांचा पट्टा.

न्यायबुद्धीनें बोलावयाचें तर या विजेचा लाभ थोडा नव्हे. कोळशाची राख आणि धूर तिच्यांत नाहीं. ऐन पावसाळ्यांत, ढगांमुळें सूर्यापासून मिळणारी वीज मंदावते तेव्हां, पश्चिम किनाऱ्यावरील वारा जोरांत असतो. ज्या ठाकुर्लीस एके काळीं रेल्वेचें कोळशावर चालणारें वीजघर होतें, तेथील लोकांस धुराची किंमत सांगावयास नको. नियमांत पाहणीस स्वतंत्र पट्टा आहे, म्हणजे क्रमहि वरवर पाहतां योग्यच आहे. परंतु ही पाहणी मुख्यतः वाऱ्याच्या वेगाची आणि तळाच्या भक्कमपणाची. वीज किती निघेल आणि खांब टिकेल कीं नाहीं, हें शोधणारी. खांब ठोकतांना होणाऱ्या नादानें जलचरांचें काय होईल, पक्ष्यांच्या वाटा कोठून जातात, वीजवाहक तारा कोणत्या कवींतून किनाऱ्यास येतील, हे प्रश्न निराळे आहेत. आणि २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टांत समुद्रांतील खनिज तेलाचा समावेश असला, तरी पवनचक्क्यांचा उल्लेख केलेला नव्हता. तेलाच्या विहिरीस जी परीक्षा सक्तीची, ती पवनचक्कीस त्या अधिसूचनेनें लागत नाहीं. २०१५ च्या धोरणांत निरनिराळ्या खात्यांच्या संमतीची आणि पर्यावरण-अभ्यासाची अपेक्षा आहे. पण अपेक्षा आणि सक्ति यांत जें अंतर असतें तें पांच हेक्टरांच्या पट्ट्यांनीं दाखवून दिलें आहे.

इतर देशांचा अनुभव येथें उपयोगी पडतो. समुद्रांतील पहिलें पवनक्षेत्र डेन्मार्कांत विंडेबी येथें १९९१ सालीं झालें. अकरा चक्क्या उभ्या राहिल्या आणि २०१७ सालीं आयुष्य संपल्यावर त्या उतरवून नेल्या. जर्मनींत खांब ठोकतांना ७५० मीटरांवर आवाज ठराविक मर्यादेच्या आंत राहिला पाहिजे असा दंडक आहे. त्यासाठीं खांबाभोंवतीं हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. यावरून शिस्त घातल्यानें काम अडत नाहीं हें दिसतें. उलट, अमेरिकेंत २० जानेवारी २०२५ रोजीं अध्यक्षांच्या आज्ञेनें पवनपट्टे देणें थांबविण्यांत आलें आणि आधींच्या मंजुऱ्यांचें पुनरवलोकन सुरू झालें. एका राजवटीनें भराभर द्यावें आणि दुसरीनें एकदम थांबवावें, यांत ना उद्योगाचें हित, ना समुद्राचें. आधीं झालेलें, सर्वांस उघड असलेलें आणि लाभार्थ्याच्या हातून न झालेलें परीक्षण हेंच दोन्ही पक्षांस स्थैर्य देतें.

तेव्हां मागणी साधी आहे. समुद्रांतील पवनचक्क्यांस परीक्षणाच्या परिशिष्टांत स्पष्ट स्थान असावें. एकेका पट्ट्याचा नव्हे, तर संपूर्ण क्षेत्राचा एकत्र विचार व्हावा. तुकडे पाडून परीक्षा चुकविण्याचा मार्ग पुन्हां उघडूं नये. आणि कवींची नोंद पट्ट्याच्या नकाशाआधीं घेतली जावी. हें सारें सरकारनें करावयाचें खरें. तथापि आपल्या घरांतहि त्याला जागा आहे. जनसुनावणीची सूचना वृत्तपत्रांत निदान तीस दिवस आधीं छापली जाते आणि आपलें म्हणणें लेखी कळविण्याची मुभा असते. ती सूचना सहसा आंतल्या पानावर बारीक अक्षरांत असते. ज्या घरांत चार सुशिक्षित माणसें एकत्र नांदतात तेथें एकानें ती मोठ्यानें वाचावी आणि एकानें दोन ओळींचें पत्र लिहावें, इतकें अवघड खास नाहीं. रेतीचे पट्टे निघाले तेव्हां कल्याणांत वाचणारीं माणसें काय थोडीं होतीं?