गळाच्या पेटीतली मांजरी

पुण्याच्या माणसापुढे मांजरीचे नाव काढले की त्याला ऊस आठवतो, द्राक्षे आठवतात, फार तर सकाळच्या बाजारातली मेथीची जुडी आठवते. मासा काही आठवत नाही. यात त्याचा दोष नाही. १९७५ साली स्थापन झालेली वसंतदादांच्या नावाची ऊससंशोधन संस्था इथे आहे. १९९७ सालचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलेच, आणि तिथे निपजलेले द्राक्षांचे वाण तर ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’ अशी गावाचीच नावे लावून हिंडतात. एखाद्या गावाने आणखी किती मिरवायचे? २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले. आता उसाचे फड आणि बारा मजली इमारती एकमेकांकडे संशयाने पाहत शेजारी उभ्या आहेत.

हे गाव दोन तीरांवर वाटलेले आहे. दक्षिणेस मांजरी बुद्रुक, उत्तरेस मांजरी खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, हे आम्ही मराठीचे मास्तर वर्गात सांगत असतो. फारसीतले ‘बुजुर्ग’ आपल्या तोंडात घोळून घोळून ‘बुद्रुक’ झाले. पण ही दोन भावंडे ज्या आईच्या दोन मांड्यांवर बसली आहेत, त्या मुळा-मुठेविषयी वर्गात कोणी विचारीत नाही. संगमावर मुळा आणि मुठा एक होतात, बंडगार्डन आणि मुंढवा मागे टाकून हे पाणी मांजरीला येते, येथून थेऊरच्या चिंतामणीला वळसा घालते आणि पुढे भीमेला मिळते. सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडून डावीकडे वळावे, अथवा दौंडकडे जाणारी गाडी धरून मांजरी बुद्रुक स्टेशनात उतरावे आणि उत्तरेकडे चालू लागावे. नदी दिसण्याआधी तिचा वास येतो. तो वास कसला, हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही.

तरीही मी वाचकांना या नदीवर घेऊन जाणार आहे, आणि तेही मासे धरायला! कारण पुण्याच्या पूर्वेकडच्या याच पाण्याने एका माशाला जगाच्या शास्त्रात नाव मिळवून दिले.

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. मुंबई सरकारने त्याला दख्खनची मोजदाद करण्यास नेमले. माणसे, पिके, पर्जन्य, पक्षी यांची मोजदाद करता करता त्याने मासेही मोजले. आपल्या मुळा-मुठेला तो ‘मोटा मोला’ म्हणे. इथल्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३९ साली प्रसिद्ध केले आणि त्यास नाव दिले ‘खुद्री’. आजही तो मासा जगभर ‘टॉर खुद्री’ याच नावाने ओळखला जातो. साइक्सची मला भावलेली गोष्ट अशी की, त्याने लॅटिनच्या कोशात डोके घातले नाही. नदीकाठी ज्याने मासा आणून दाखवला, त्याच्या तोंडचे नाव त्याने ऐकले तसे टिपून घेतले. शिंगटीचे ‘सिंगटी’ झाले, मळ्याचे ‘मुल्या’ झाले, आणि ‘बोगट’ही त्या यादीत जाऊन बसला. म्हणजे ज्या भोयांना सही करता येत नव्हती, त्यांची मराठी लॅटिनच्या पंगतीत बसली. आमच्या कुठल्याही साहित्य संमेलनाला हे साधलेले नाही.

आता गळाकडे वळू. माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सास प्रांतात असतो. तिथे बास नावाचा मासा धरण्याचे मोठे वेड आहे. गेल्या खेपेस तो येताना त्या वेडाची अख्खी पेटी घेऊन आला. पेटी उघडली तेव्हा मला प्रथम वाटले की, ही लहान मुलांच्या खेळण्यांची असावी. रबराची जांभळी गांडुळे, पोकळ पोटाचे बेडूक, गरगर फिरणाऱ्या पात्यांचे चमचे आणि प्लास्टिकच्या रंगीत मासोळ्या! त्या मासोळ्यांच्या हनुवटीला एक पारदर्शक जीभ असते. दोरी ओढली की त्या जिभेवर पाणी आदळते आणि मासोळी थरथरत खाली बुडी मारते. या सोंगांची कथाही गमतीची आहे. मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावचा जेम्स हेडन हा मधमाश्या पाळणारा गृहस्थ. एकदा चाकूने सोललेला लाकडाचा तुकडा त्याने सहज पाण्यात भिरकावला आणि बासने त्यावर झडप घातली, असे सांगतात. त्यानंतर १८९८ च्या सुमारास त्याने लाकडाचे बेडूक कोरले, आणि पुढे त्यातून कारखाना उभा राहिला.

‘‘मामा, इथे बास नाही. मग हे सगळे फुकट का?’’ भाच्याने विचारले.

‘‘फुकट की कसे, ते नदीला विचारू,’’ मी म्हणालो, आणि आम्ही पेटी घेऊन मांजरीला गेलो.

नदीला विचारायचे म्हणजे नदीकाठच्या माणसाला विचारायचे. पुलाच्या अलीकडे एक वृद्ध गृहस्थ बांबूची काठी टेकवून बसले होते. काठीला तंगूस, तंगुसाला मोराच्या पिसाचा देठ, खाली शिशाची गोळी आणि बारीक गळ. शेजारी कणकेचा गोळा. एवढाच संसार. आम्ही त्यांना आबा म्हणू लागलो, त्यांनी मला लगेच ओळखले आणि मास्तर म्हणू लागले. मास्तरकी कपाळावर लिहिलेली असते की काय न कळे.

आबांनी पेटी मांडीवर घेतली आणि एखाद्या सराफाने मोड तपासावी तशी एकेक चीज तपासली. रबरी गांडूळ बोटाने ताणून ठेवून दिले. मासोळी उचलली, तिच्या पोटाखालचे दोन तिहेरी गळ पाहिले आणि समोरच्या जलपर्णीकडे बोट केले. ‘‘ह्ये टाकलं की पाल्यातच आडकनार. मासा न्हाई, पाला वडत बसा!’’ पण बेडूक हाती येताच त्यांचा चेहरा पालटला. त्या बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो पाल्यावरून सरपटत जातो, कुठे अडकत नाही. माशाने तोंडात धरून दाबला म्हणजे पोकळ पोट चेपते आणि गळ उघडे पडतात. ‘‘ह्यो मरळीचा हाय,’’ आबा म्हणाले. ‘‘मरळीला बेडकाचं लई याड.’’

टेक्सासच्या बासची जागा आपल्याकडे कोणी घ्यावी, याचा निवाडा असा एका वाक्यात झाला. आणि तो शास्त्राला धरून होता. बास काय किंवा मरळ काय, दोघेही दबा धरून बसणारे. दोघांनाही झाडोरा हवा, दोघेही पृष्ठभागावर हलणाऱ्या वस्तूवर तुटून पडतात. म्हणून बासकरिता घडवलेली हत्यारे मरळीला जशीच्या तशी लागू पडतात.

वाचकांपैकी कोणाला ही हौस करायची असेल, तर आधी मासा ठरवावा, मग सामान घ्यावे. दुकानात जाऊन ‘एक चांगला रॉड द्या’ म्हणणे म्हणजे वैद्याकडे जाऊन ‘एक चांगले औषध द्या’ म्हणण्यासारखे आहे. मरळीसाठी सुमारे सात फुटी, कडक पाठीची काठी हवी. दोरी विणलेली, तीस ते पन्नास पौंडांचा ताण सोसणारी घ्यावी. नायलॉनचे तंगूस ओढले की ताणते, आणि तेवढ्या वेळात मरळ जलपर्णीच्या मुळ्यांत जाऊन बसते. विणलेली दोरी ताणत नाही. इथे शंभर वार दोरी सोडण्याची चैन नसते, पहिल्या हिसक्यालाच मासा मोकळ्या पाण्यात ओढावा लागतो. म्हणून रीळही दणकट हवे, आणि त्याचा लगाम घट्ट हवा.

महाशीराचे सगळे याच्या उलट. तो गळाला लागताच प्रवाहातून असा धावतो की रिळावरची दोरी संपत येते. त्याला अडवू जाल तर दोरी तुटेल. म्हणून रिळावर शंभर-दीडशे मीटर तरी दोरी असावी, आणि लगाम असा लावावा की दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला, फार तर तिसऱ्या हिश्शाला ती सुटू लागावी. गळ मात्र जाड आणि पक्का हवा, कारण महाशीराच्या जबड्याची पकड कच्चा गळ मोडून टाकते. हेन्री सलिवन टॉमस या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. त्यात महाशीराला चमच्याने झुलवण्याचा पुष्कळ ऊहापोह आहे. महाशीर तसा सर्वभक्षी. पिटुकले मासे, खेकडे खातो, आणि काठावरच्या उंबराची फळे पाण्यात पडली तर तीही सोडीत नाही.

तिसरी चिलापी. बाजारात तिला तिलापिया म्हणतात. ही आफ्रिकेची पाहुणी, आली आणि घरमालकीण होऊन बसली. तिला ना बेडूक लागतो, ना चमचा. बारीक गळ, पातळ तंगूस आणि कणकेची गोळी एवढ्यावर ती येते. आबांचा बांबू तिच्यासाठीच होता.

भाच्याने चकाकणारा पितळी चमचा पुढे केला. आबांनी तो उन्हात फिरवून पाहिला आणि परत दिला. ‘‘ह्येचा मासा आता न्हाई हितं,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या बापाचा गळ घरात हाय. करंगळीएवढा जाड. खिळ्याला टांगलाय. गळ ऱ्हायला, मासा गेला.’’

वाचकहो, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, तो इथे कळतो. मांजरीला आज कोणते सामान चालते आणि कोणते चालत नाही, याचे कारण पाण्यात आहे. मरळ टिकते, कारण ती वर येऊन हवेतला श्वास घेते. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तिचे भागते. मांगूरही तसाच. त्याचा आफ्रिकी भाऊ तर इतका खादाड आणि चिवट की देशात त्याच्या पैदाशीवर बंदी घालावी लागली. चिलापी घाणीतही संसार थाटते. पण महाशीराला वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी हवे, तळाला गोटे हवेत, आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी वर चढून जायला मोकळी वाट हवी. वर धरणे झाली, ती वाट बंद पडली. खाली उन्हाळ्यात नदीतून जे वाहते ते बहुतांशी शहराने वापरून टाकलेले पाणी असते. नदीत पोहून राहणारा मासा गेला आणि नदीत राहूनही नदीचा श्वास न घेणारा मासा उरला.

महाशीर अगदी नाहीसा झाला आहे असे मात्र नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहात भाविकांनी त्याला देवाचा मासा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर त्याची पैदास झाली. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याच्या अंड्यांचा आणि पिल्लांच्या वाढीचा अभ्यास सत्तरच्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केला. तिथली पिल्ले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. आणि पाहा दैवगती! कर्नाटकात कावेरीत ती इतकी माजली की तिथला मूळचा वशिंडाचा महाशीर संकटात आला, असे अभ्यासक आता सांगतात. आपल्या घरी ज्याला थारा उरला नाही, तो परक्याच्या घरी जाऊन घरच्याला उठवतो आहे. मासा एका नदीतून दुसरीत नेऊन सोडणे म्हणजे पुण्य, असे समजणाऱ्यांनी यातून काही घ्यावे.

मांजरीला गळ टाकणाऱ्यास म्हणून माझे सांगणे थोडके आहे. बेडूक न्यावा, विणलेली दोरी न्यावी, तिहेरी गळ घरी ठेवावेत. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला, तर बेडूक पेटीत घालावा. त्या पुंजक्याखाली मरळीचे जोडपे राखणीला असते, आणि राखण करणारा मासा वर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर धावतो. त्याला त्या वेळी धरणे सोपे असते, पण मागची सगळी पिल्ले दुसऱ्यांच्या पोटात जातात. मासा मिळालाच तर हात ओला करून गळ काढावा आणि सोडून द्यावा. या पाण्यातला मासा ताटात घेऊ नये. आबा घेतात, कारण त्यांना बाजारचा परवडत नाही. पुण्याच्या सांडपाण्याचा हिशेब असा कोणाच्या तरी ताटात उतरतो.

नदी सुधारण्याच्या योजना आहेत. २०१६ साली जपानच्या साहाय्याचा करार झाला, ११ नवी मैलाशुद्धी केंद्रे ठरली. पुढे ४४ किलोमीटर काठ सुशोभित करण्याचे काम निघाले. काठावर फरसबंदी येईल, दिवे येतील, बाके येतील. त्या बाकांवर बसणाऱ्यांनी नदी सुधारली की नाही याचा दाखला फरसबंदीत शोधू नये. हडपसरच्या एखाद्या दुकानदाराला विचारावे, ‘‘मांजरीसाठी चमचा ठेवता का?’’ आज तो हसेल. ज्या दिवशी तो न हसता फळीवरचा डबा काढील, त्या दिवशी साइक्सने टिपलेले नाव परत आपल्या गावी आले असे समजायला हरकत नाही.