क्रीमऐवजी हलवा

घरी केक करून देताना मी वर्षानुवर्षं एकच धरून बसले होते : क्रीम जितकं उंच, तितका केक देखणा. गुलाबांची ओळ, कडेनं झालर, मधोमध चंदेरी गोळ्या. कुणी साधा केक मागितला तर मीच समजूत घालायची, "अहो, घरचं कार्य आहे, फोटो निघतील."

हे मत सुटलं ते एका मे महिन्यात. सासऱ्यांची पंचाहत्तरी गंगाखेडला होती. दोन मजली केक परभणीत सजवला, गाडीत बर्फात ठेवून नेला. बाहेर पारा 42 अंशांच्या वर. मंडपात वीज गेली आणि औक्षण होईस्तोवर गुलाब खाली ओघळले. लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं. तयार क्रीममधलं वनस्पती तूप थोडं जास्त तग धरतं, पण तो फुगारा म्हणजे स्निग्धाच्या पातळ पडद्यांत कोंडलेली हवाच. पडदा मऊ पडला की सगळं बसतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी क्रीमच निवडलं, कारण निवडताना डोळ्यांपुढे ऊन नव्हतं, फोटो होता.

त्याहून मनाला लागलं ते ताटल्या उचलताना. बहुतेकांनी क्रीम बाजूला सारून नुसता केक खाल्ला होता. सासऱ्यांच्या ताटलीतही कडेला तोच पांढरा ढीग. आत्याबाई म्हणाल्या, "माय, संक्रांतीला एवढा हलवा करतीस, तोच लावायचा की वर!"

खरंच की. नव्या सुनेला, बोरन्हाणाच्या बाळाला आपण साखरेनंच तर सजवतो. जानेवारीतल्या कोरड्या थंडीत परातीत तीळ घ्यायचे, मंद आचेवर एकेक चमचा पाक सोडत बोटांनी फिरवत राहायचं. चार-पाच दिवसांनी दाण्यावर काटा फुलतो. त्या साखरेच्या काट्यात स्निग्ध काहीच नाही, त्यामुळे उन्हात तो वितळत नाही. त्याचा वैरी एकच, ओल.

ती ओल मी दोन केक बिघडवून ओळखली. क्रीमवर लावलेला हलवा तासाभरात पाझरला, फ्रीजमध्ये ठेवलेला चिकट झाला. आता पिठीसाखर लिंबाच्या रसात दाट कालवते, केकवर पातळ थर देते, तो सुकत आला की हलवा टेकवते. थर कडक होतो, दाणे धरून ठेवतो. लिंबाच्या आंबटपणानं गोडही बेतात राहतं. फ्रीज नाही, बर्फ नाही. असा केक मेमध्येच जिंतूरला नेला. पोचला तेव्हा एक दाणा हलला नव्हता, आणि ताटल्यांच्या कडेला काही उरलं नाही.

उन्हाळ्यातल्या वाढदिवसाला क्रीमचा केक मी आता करत नाही. हलव्याचा हवा असेल तर संक्रांतीआधी सांगून ठेवा. काटा थंडीतच येतो.